पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट आणि कायमच्या संचाचा आग्रह

१९८५ च्या मार्च महिन्यात 'अ पॅसेज टू इंडिया' या चित्रपटातील मिसेस मूर या वृद्ध इंग्रज बाईच्या भूमिकेसाठी पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. त्या विभागात इतक्या उतारवयात हा पुरस्कार मिळवणारी दुसरी अभिनेत्री अद्याप झालेली नाही. त्या समारंभाला गेल्या नव्हत्या. त्यांच्या वतीने अँजेला लॅन्सबरी यांनी बाहुली स्वीकारली. भारतातल्या प्रेक्षकांना त्या ओळखीच्या आहेत त्या बहुतांशी या एका चित्रपटामुळे, आणि त्यामुळे एक गैरसमज सहज होतो की, ही चित्रपटांतून चरित्र भूमिका करणारी एखादी ज्येष्ठ अभिनेत्री असावी. वस्तुस्थिती अशी की १९२६ ते १९८२ एवढा काळ त्या प्रामुख्याने रंगभूमीवर उभ्या होत्या आणि चित्रपट हा त्यांच्या दृष्टीने अधूनमधून करायचा उद्योग होता. त्यांच्या भूमिकांची यादी कोणत्याही कोशात मिळते, परंतु ती वाचून त्यांचे मोठेपण कळत नाही. ते कळण्यासाठी ब्रिटिश रंगभूमीचा कारभार कसा चालतो हे थोडे समजून घ्यावे लागते, कारण या बाईंनी आयुष्यभर जो आग्रह धरला तो एखाद्या भूमिकेचा नव्हता, नाटक करण्याच्या एका पद्धतीचा होता.

लंडनच्या नाट्यगृहांचा जो झगमगाटी भाग आहे त्याला वेस्ट एंड म्हणतात. तिथला व्यवहार सरळ आहे. निर्माता एक नाटक निवडतो, नाट्यगृह भाड्याने घेतो, नावाजलेले दोन-तीन नट आणि बाकीचे हाताशी येतील ते घेऊन संच जमवतो, तीन-चार आठवडे तालमी होतात आणि मग तेच नाटक आठवड्याला आठ प्रयोग या हिशेबाने, गल्ला भरत असेल तोपर्यंत चालू राहते. नाटक उतरले की संच मोडतो आणि प्रत्येक जण पुढच्या कामाच्या शोधात निघतो. या पद्धतीत वाईट काही नाही, पण तिच्यात नट एकमेकांना ओळखू लागतात तोवर निरोपाची वेळ आलेली असते, आणि शेकडो वेळा एकच भूमिका करून नटाच्या अंगाला एक प्रकारचा गंज चढतो. दुसरी पद्धत आहे ती कायमच्या संचाची. त्यात नाट्यगृहाचा स्वतःचा नटवर्ग असतो, पगार असतो, एकाच वेळी अनेक नाटके बसवलेली असतात आणि आज एक, उद्या दुसरे अशी ती फिरती ठेवली जातात. आज राणी झालेली नटी उद्या दासी होऊ शकते. मराठी वाचकाला हा फरक फोडून सांगण्याची फारशी गरज नाही: पगारी नटांच्या, एकत्र राहणाऱ्या, एकाच मोसमात पाच-सहा नाटके हाताशी ठेवणाऱ्या जुन्या नाटक मंडळ्या आणि आजचा 'नाइट'वर चालणारा व्यावसायिक संच यांत जे अंतर आहे, बरेचसे तेच. मात्र आपल्याकडे मंडळ्या आधी होत्या आणि नंतर मोडल्या. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात उलटा प्रवास घडवून आणावा लागला, आणि तो घडवणाऱ्यांत अ‍ॅशक्रॉफ्ट अगदी पहिल्या रांगेत होत्या.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १९०७ रोजी लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन येथे झाला. घर सुखवस्तू मध्यमवर्गीय होते. वडील जमीनजुमल्याच्या व्यवस्थापनाचे काम करीत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी ते रणांगणावर मारले गेले. आईला हौशी नाटकांची आवड होती आणि तिने एल्सी फोगर्टी या शिक्षिकेकडे वाचिक अभिनयाचे धडेही घेतले होते. सोळाव्या वर्षी पेगी याच फोगर्टीबाईंच्या नाट्यशाळेत दाखल झाल्या. ही शाळा त्या काळी रॉयल अल्बर्ट हॉल या प्रचंड सभागृहाच्या इमारतीतच भरत असे आणि लॉरेन्स ऑलिव्हिए हे तिथले सहाध्यायी होते. शाळेत भर होता तो शुद्ध उच्चारांवर, स्वराच्या फेकीवर. पेगींना ते अपुरे वाटे. त्याच सुमारास रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांचे आत्मकथन इंग्रजीत आले होते आणि ते त्यांच्या हाती पडले. मॉस्को आर्ट थिएटरमध्ये नटांचा एकच संच वर्षानुवर्षे एकत्र काम करतो, महिनोन्महिने तालमी करतो, आणि लहान भूमिकेलाही मोठ्या भूमिकेइतकेच गांभीर्याने भिडतो, हे वाचून त्यांच्या मनात जे बसले ते शेवटपर्यंत हलले नाही. नाट्यशाळेने त्यांना आवाज दिला असेल. ध्येय मात्र त्यांना एका पुस्तकाने दिले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

१९२६ मध्ये, अजून शिकत असतानाच, बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटरमध्ये जे. एम. बॅरी यांच्या 'डिअर ब्रूटस' या नाटकात त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले. समोर राल्फ रिचर्डसन होते. ऑलिव्हिए, रिचर्डसन आणि जॉन गीलगुड हे त्या शतकातील इंग्रजी रंगभूमीचे तीन आधारस्तंभ मानले जातात. या तिघांबरोबर बरोबरीच्या नात्याने उभी राहिलेली चौथी व्यक्ती म्हणून अ‍ॅशक्रॉफ्ट यांचे नाव घ्यायला हवे, आणि ते नेहमी घेतले जातेच असे नाही.

१९३० साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये 'ऑथेल्लो' झाले. ऑथेल्लोच्या भूमिकेत अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोब्सन, डेस्डिमोनाच्या भूमिकेत बावीस वर्षांच्या अ‍ॅशक्रॉफ्ट आणि एमिलियाच्या भूमिकेत सिबिल थॉर्नडाइक. कृष्णवर्णीय नटाने रंगमंचावर गोऱ्या नटीला जवळ घ्यावे हे अनेकांना सहन झाले नाही; अ‍ॅशक्रॉफ्ट यांना शिवीगाळीची पत्रे आली. ज्या सॅव्हॉय थिएटरच्या रंगमंचावर रोब्सन यांचे नाव झळकत होते, त्याच नाट्यगृहाला लागून असलेल्या सॅव्हॉय हॉटेलात त्यांना प्रवेश नव्हता. आपल्या राजकीय जाणिवेचा आरंभ या प्रकारात झाला असे त्या पुढे सांगत. निर्मिती म्हणून हा प्रयोग फारसा गाजला नाही, परंतु गीलगुड यांनी तो पाहिला आणि ही नटी हेरून ठेवली.

याचे फळ दोन वर्षांनी दिसले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नाट्यसंस्थेत त्या काळी विद्यार्थिनींना स्थान नव्हते, त्यामुळे स्त्री भूमिकांसाठी बाहेरून व्यावसायिक नटींना बोलवावे लागे. १९३२ मध्ये संस्थेने 'रोमिओ अँड ज्युलिएट' बसवण्यासाठी गीलगुड यांना पाचारण केले. दिग्दर्शक म्हणून त्यांचे हे पहिलेच काम. ज्युलिएट अ‍ॅशक्रॉफ्ट, दाई ईडिथ इव्हान्स आणि संस्थेचा अध्यक्ष असलेला जॉर्ज डिव्हाइन नावाचा विद्यार्थी मर्क्युशिओ. या तालमीत जमलेले लोक पुढची तीस वर्षे पुन्हा पुन्हा एकत्र येत राहिले. संस्था कागदावर स्थापन होण्याच्या पुष्कळ आधी माणसांच्या मनात स्थापन होते, याचे हे उदाहरण आहे.

त्याच वर्षी त्या ओल्ड व्हिकमध्ये गेल्या. वॉटर्लू रोडवरच्या कामकरी वस्तीतले हे नाट्यगृह लिलियन बेलिस या विलक्षण बाई चालवीत. तिकिटे स्वस्त, पगार तुटपुंजे आणि नाटक बहुधा शेक्सपिअरचे. एकाच मोसमात अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी ज्युलिएट, रोझलिंड, पोर्शिया, इमोजेन, पर्डिटा, मिरांडा अशा भूमिका एकामागून एक केल्या. एक नाटक चालू असताना दिवसा दुसऱ्याच्या तालमी चालत. असे काम नटाला दमवते, कधी कच्चेही ठेवते. पण शेक्सपिअरचे पद्य तोंडात असे रुळते की पुढे ते गद्यासारखे सहज येऊ लागते. अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या पद्यवाचनाची जी ख्याती झाली, ती अर्थ न सोडता लय राखण्याची होती. ओळ गाऊन दाखवण्याचा मोह त्या टाळत.

१९३५ चा 'रोमिओ अँड ज्युलिएट' हा या टप्प्याचा कळस. न्यू थिएटरमध्ये गीलगुड यांनी तो बसवला आणि एक धाडस केले: ऑलिव्हिए आणि गीलगुड या दोघांनी रोमिओ आणि मर्क्युशिओ या भूमिका काही आठवड्यांनी आपसांत बदलून घ्यायच्या. ऑलिव्हिए यांचा रोमिओ रगेल, देहाने बोलणारा, पद्याची फारशी पर्वा न करणारा; गीलगुड यांचा रोमिओ काव्यमय, स्वरांवर तोललेला. समीक्षकांनी त्या दोघांची तुलना करण्यात रकाने खर्च केले. एक गोष्ट मात्र त्या तुलनेत दबून गेली, ती अशी की, ज्युलिएट एकच होती. रोमिओ बदलला की तिचे ऐकणे, थांबणे, उत्तर देण्याची चाल हे सगळे बदलणे भाग होते, आणि तरीही ज्युलिएट तीच राहायला हवी होती. प्रयोग १८० हून अधिक झाले. त्या नाटकाने तोवर एवढी मजल मारलेली नव्हती.

पुढच्या वर्षी त्यांनी चेकॉव्हच्या 'द सीगल'मध्ये नीना केली आणि १९३७-३८ मध्ये गीलगुड यांनी क्वीन्स थिएटरमध्ये जे करून दाखवले ते तर या लेखाच्या मुद्द्याला थेट भिडणारे आहे. वेस्ट एंडच्या ऐन मध्यात, स्वतःची पदरमोड करून, त्यांनी एकच संच घेऊन चार नाटकांचा मोसम केला: 'रिचर्ड द सेकंड', 'द स्कूल फॉर स्कँडल', 'थ्री सिस्टर्स' आणि 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'. चारही नाटकांत अ‍ॅशक्रॉफ्ट होत्या. 'थ्री सिस्टर्स' फ्रेंच दिग्दर्शक मिशेल सँ-दनी यांनी बसवले आणि तालमींना नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेळ दिला. मायकेल रेडग्रेव्ह त्या संचात होते, आणि छोट्या भूमिका करणारा अ‍ॅलेक गिनेस नावाचा तरुण नटही होता. इंग्रजी नट चेकॉव्ह इतक्या एकजिनसीपणे करू शकतात हे लंडनने तेव्हा पाहिले. सरकारी मदतीशिवाय हा उद्योग वर्षभरापलीकडे चालवणे मात्र शक्य नव्हते. युद्ध आले आणि तो विषय मागे पडला.

खासगी आयुष्याविषयी थोडक्यात. तीन विवाह झाले: प्रकाशक रूपर्ट हार्ट-डेव्हिस, रशियन दिग्दर्शक थिओडोर कोमिसार्जेव्हस्की आणि वकील जेरेमी हचिन्सन यांच्याशी. तिन्ही मोडले, तिसरा दीर्घकाळ टिकला आणि त्यातून दोन मुले झाली. हे हचिन्सन म्हणजे 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवरच्या १९६० च्या अश्लीलतेच्या खटल्यात पेंग्विन प्रकाशनाच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांपैकी एक.

युद्धानंतरच्या काळात त्यांनी वेस्ट एंडच्या पद्धतीतही मोठी कामे केली, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. १९४९ मध्ये 'द हेअरेस'मध्ये रिचर्डसन यांच्यासमोर त्यांनी बापाच्या तुच्छतेखाली वाढलेली, प्रेमात फसलेली आणि अखेर दगड झालेली कॅथरीन स्लोपर उभी केली. १९५२ मध्ये टेरेन्स रॅटिगन यांचे 'द डीप ब्लू सी' आले. पडदा उघडतो तेव्हा हेस्टर कॉलियर ही प्रतिष्ठित न्यायाधीशाची नवऱ्याला सोडून आलेली बायको भाड्याच्या खोलीत गॅसच्या शेगडीपुढे पडलेली आहे. तिने जीव द्यायचा प्रयत्न केला आहे आणि मीटरमधले नाणे संपून गॅस बंद पडल्यामुळे ती वाचली आहे. ज्या पुरुषासाठी तिने सगळे सोडले त्याच्यात तिच्याइतके प्रेम करण्याची ताकदच नाही, हे तिला कळते आणि तरी ती त्याला सोडू शकत नाही. ही भूमिका स्वीकारायला अ‍ॅशक्रॉफ्ट आधी नाखूश होत्या. रंगमंचावर अंगावर वस्त्र नसल्यासारखे वाटते, अशी त्यांची तक्रार होती. नेमकी तीच उघडी अवस्था प्रेक्षकांना दिसली. संयमी, सुसंस्कृत इंग्रज स्त्रीच्या आत उकळत असलेली वासना आणि लाज एकाच वेळी दाखवणे हे त्यांचे खास सामर्थ्य होते आणि माझ्या मते त्यांच्या अभिनयाचे मर्म इथेच आहे: त्या भावना दाखवत नसत, भावना लपवण्याची धडपड दाखवत.

१९५४ मध्ये त्यांनी इब्सेनची हेडा गाबलर केली, आणि तो प्रयोग नॉर्वेत, खुद्द इब्सेनच्या देशात गेल्यावर राजे हाकोन यांनी त्यांना सुवर्णपदक देऊन गौरवले. १९५६ मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. पुरुषांना मिळणाऱ्या 'सर' या किताबाची ही स्त्रियांसाठीची जोड. त्याच वर्षी, हेमार्केटसारख्या प्रतिष्ठित नाट्यगृहात एनिड बॅग्नॉल्ड यांचे 'द चॉक गार्डन' करून झाल्यावर, त्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकासाठी गेल्या. रॉयल कोर्टची नवी संस्था चालवत होता तो ऑक्सफर्डचा जुना मर्क्युशिओ, जॉर्ज डिव्हाइन. किताब मिळालेल्या नटीने प्रायोगिक रंगभूमीवर जाणे त्या काळी सर्रास घडत नसे.

आता मुख्य घटनेकडे येऊ. शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, एक स्मारक नाट्यगृह होते. तिथे दर वर्षी काही महिन्यांचा मोसम होई, नामवंत नट येत, कामे करत आणि निघून जात. १९५८ च्या सुमारास त्याची धुरा पीटर हॉल या तिशीही न गाठलेल्या दिग्दर्शकाकडे सोपवण्याचे ठरले. हॉल यांची योजना अशी होती: मोसमी जत्रा बंद करायची, नटांना तीन-तीन वर्षांच्या करारावर घ्यायचे, लंडनमध्ये दुसरे नाट्यगृह मिळवायचे, तिथे शेक्सपिअरबरोबर नवी आणि परदेशी नाटके करायची आणि हे सारे चालवण्यासाठी सरकारकडे अनुदान मागायचे. वेस्ट एंडच्या निर्मात्यांना ही स्पर्धा नको होती, नटांच्या दलालांना तीन वर्षे बांधून घेणे नको होते, आणि पैसे कुठून येणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. हॉल यांना अशा वेळी एक मोठे नाव हवे होते, जे पाहून इतर नट धीर धरतील. ते अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्याकडे गेले आणि त्यांनी तत्काळ होकार दिला. दीर्घ मुदतीच्या करारावर पहिली सही त्यांची. हे पाऊल नव्या संस्थेच्या यशाला कळीचे ठरले असे हॉल पुढे मानत राहिले.

एका सहीचे एवढे महत्त्व का, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर व्यवहाराचे आहे. कायमच्या संचात नामवंत नटाचे नुकसान ठरलेले असते: पगार कमी, भूमिका निवडण्याचा अधिकार कमी, चित्रपटाचे बोलावणे आले तरी सुटका नाही. लाभ होतो तो संस्थेचा आणि नवख्या नटांचा. म्हणून पहिला त्याग शिखरावरच्या माणसाने केला तरच खालच्यांना बोलावता येते. अ‍ॅशक्रॉफ्ट यांना यात त्याग वाटला नसावा. क्वीन्स थिएटरमध्ये जे वर्षभर टिकले ते कायमचे करण्याची संधी त्यांना दिसली. १९६० मध्ये स्ट्रॅटफर्डला त्यांनी 'द टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये कॅथरिना केली; त्या ५२ वर्षांच्या, समोरचे पीटर ओ'टूल २७ वर्षांचे. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनचे ऑल्डविच थिएटर 'द डचेस ऑफ माल्फी'ने सुरू झाले आणि डचेस त्याच होत्या. १९६१ मध्ये संस्थेला रॉयल शेक्सपिअर कंपनी हे नाव मिळाले.

या कंपनीचे पाय रोवले गेले ते १९६३ च्या 'द वॉर्स ऑफ द रोझेस'ने. शेक्सपिअरची 'हेन्री सहावा' ही तीन भागांची, क्वचितच होणारी नाटके आणि 'रिचर्ड तिसरा' यांची जॉन बार्टन यांनी काटछाट केली, मधले सांधे जुळवण्यासाठी शेक्सपिअरच्या धाटणीत स्वतःच्या ओळीही घातल्या, आणि त्यातून तीन सलग नाटके तयार केली. काही वेळा ती तिन्ही एकाच दिवसात सकाळपासून रात्रीपर्यंत होत. या तिन्ही नाटकांतून जाणारे एक पात्र म्हणजे मार्गारेट ऑफ अँजू. ती फ्रान्सहून आलेली तरुण नववधू म्हणून प्रवेश करते, दुबळ्या राजाची कर्तबगार राणी होते, सैन्य घेऊन लढते, मुलगा गमावते आणि शेवटी शिव्याशाप देत फिरणारी म्हातारी उरते. अ‍ॅशक्रॉफ्ट तेव्हा ५५ वर्षांच्या होत्या. पहिल्या नाटकातली त्यांची अल्लड मुलगी लोकांना पटली यात रंगभूषेचा वाटा थोडा आणि चालण्याचा वाटा मोठा होता. मार्गारेटच्या बोलण्यात त्यांनी फ्रेंच घोळवाचा 'र' ठेवला, जेणेकरून ही बाई इंग्लंडवर राज्य करूनही इथली झाली नाही हे दर वाक्यात जाणवत राहावे.

त्यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. राजगादीवर हक्क सांगणारा यॉर्कचा सरदार पकडला गेला आहे. मार्गारेट त्याला मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा करते, त्याच्या कोवळ्या मुलाच्या रक्तात भिजवलेला रुमाल त्याला डोळे पुसायला देते आणि कागदाचा मुकुट त्याच्या डोक्यावर चढवते. यॉर्क डोनाल्ड सिंडेन करीत. क्रौर्याचा हा प्रसंग ओरडून करणे सोपे आहे. अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी त्यात हसू आणले, आणि त्या हसण्याच्या तळाशी हळूहळू उन्माद व किळस येताना दाखवली, म्हणजे छळ करणारीलाच आपण काय करतो आहोत याचा धक्का बसू लागतो. ज्या नटीला इंग्रज प्रेक्षक नीना आणि ज्युलिएट म्हणून ओळखत, तिच्यात हे रानटीपण कुठून आले असा प्रश्न अनेकांना पडला. हेस्टर कॉलियर आठवली असती तर तो पडला नसता.

कंपनीत त्या नुसत्या नट म्हणून राहिल्या नाहीत. १९६८ मध्ये त्या तिच्या संचालक मंडळात आल्या. त्याच वर्षीची एक घटना ब्रिटिश रंगभूमीचा आणखी एक विचित्र नियम समजावून देते. १७३७ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक नव्या नाटकाची संहिता राजदरबारातील लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याकडून संमत करून घ्यावी लागे. हॅरल्ड पिंटर यांच्या 'लँडस्केप' या छोट्या नाटकातले काही शब्द वगळावेत असा त्याचा हुकूम आला आणि पिंटर यांनी तो मानला नाही. नभोवाणीवर या अधिकाऱ्याची सत्ता चालत नसे, म्हणून ते नाटक आधी बीबीसीच्या नभोवाणीवर झाले, अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या आवाजात. त्याच वर्षी कायदा होऊन ही सेन्सॉरशिप संपली आणि १९६९ मध्ये त्यांनीच ते ऑल्डविचच्या रंगमंचावर केले. स्वयंपाकघरात बसलेली एक मध्यमवयीन बाई समुद्रकिनाऱ्यावरची एक जुनी दुपार आठवत राहते, समोर बसलेला नवरा दुसरेच काही बोलत राहतो, आणि दोघांपैकी कुणी दुसऱ्याचे ऐकत नाही. वय साठीच्या पुढे गेलेली, किताब मिळालेली नटी अशा नाटकांकडे हौसेने वळत होती हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सॅम्युएल बेकेटचे 'हॅपी डेज' तर त्याहून अवघड. १९७५ मध्ये नॅशनल थिएटरसाठी पीटर हॉल यांनी ते बसवले आणि पुढच्या वर्षी थेम्सकाठच्या नव्या इमारतीत, लिटलटन नाट्यगृहाच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत ते झाले. विनी ही बाई पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीच्या ढिगाऱ्यात गाडलेली आहे. जवळ एक मोठी पिशवी, तीत दातांचा ब्रश, आरसा, पिस्तूल. शिवाय एक छत्री. दुसऱ्या अंकात ती गळ्यापर्यंत गाडली जाते. मान वळवता येत नाही, फक्त डोळे आणि तोंड हलते. बोलणे जवळजवळ तिचे एकटीचे. कोणत्या शब्दानंतर ब्रश उचलायचा, कुठे थांबायचे, कुठे हसू ओसरू द्यायचे हे बेकेटने ओळीओळीत लिहून ठेवले आहे, म्हणजे पाठांतर शब्दांचे आणि कृतींचे असे दुहेरी आहे. वयाच्या ६७ व्या वर्षी हे काम अंगावर घेणे म्हणजे काय, हे कोणताही नट सांगू शकेल. रंगभूमीवरची त्यांची शेवटची भूमिका १९८१-८२ ची, 'ऑल्स वेल दॅट एंड्स वेल'मधील कौंटेसची, अर्थातच रॉयल शेक्सपिअर कंपनीत.

आणि मग, नाटक थांबल्यावर, भारत आला. तोही लागोपाठ दोनदा. ग्रॅनडा टेलिव्हिजनने पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांवरून 'द ज्युएल इन द क्राउन' ही चौदा भागांची मालिका केली. ती १९८४ मध्ये दाखवली गेली. तिच्यात अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी निवृत्त मिशनरी शिक्षिका बार्बी बॅचलर केली. सतत बडबडणारी, साम्राज्यातल्या मोठ्या घरांना ओशाळवाणी वाटणारी, आपण इथे आयुष्यभर काय केले या प्रश्नाने पोखरलेली ही म्हातारी आपल्या सामानाच्या पेटीसकट टांग्याच्या अपघातात सापडते आणि पुढे तिची वाचाच जाते. बोलणे हेच जिचे अस्तित्व तिचे मौन दाखवणे, हा 'हॅपी डेज'चाच धडा. माझ्या दृष्टीने मिसेस मूरपेक्षा बार्बी सरस आहे.

डेव्हिड लीन यांनी 'अ पॅसेज टू इंडिया'साठी विचारले तेव्हा त्या नुकत्याच मालिकेच्या कामातून भारतातून परतल्या होत्या आणि पुन्हा जायला तयार नव्हत्या. मी पंचाहत्तर वर्षांची आहे, असे त्यांनी सांगितल्यावर लीन यांनी 'मीही' एवढेच उत्तर दिले, असे सांगतात. चित्रीकरणाचा मोठा भाग बंगळूरमध्ये झाला. लेण्यांचे प्रसंग जवळच्या सावनदुर्गच्या परिसरातले आहेत. मिसेस मूरची मशिदीत डॉक्टर अझीझशी पडणारी गाठ, पायातले जोडे मी बाहेरच काढले आहेत हे तिने शांतपणे सांगणे, आणि नंतर लेण्यातल्या प्रतिध्वनीने तिची श्रद्धा पार ढासळणे: दोन टोकांमधला हा उतार त्यांनी फार थोड्या शब्दांत दाखवला.

मराठी वाचकाला या कथेत एक आपलेपणाचा धागाही सापडतो. हा चित्रपट ज्या कादंबरीवरून केला तिचे लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या देवासच्या पवार महाराजांकडे चिटणीस होते, आणि त्या मराठी दरबारात पाहिलेली गोकुळाष्टमी त्यांनी कादंबरीच्या अखेरच्या भागात आणली. तिथे कीर्तनात तुकारामाचे नाव घेऊन भजन चालले आहे, दख्खनी ब्राह्मण असलेले प्राध्यापक गोडबोले टाळ घेऊन गात आहेत, आणि त्या तंद्रीत त्यांना एकाएकी मिसेस मूर आठवते. लीन यांच्या चित्रपटात गोडबोले झाले होते अ‍ॅलेक गिनेस, म्हणजे क्वीन्स थिएटरच्या संचातला तो तरुण नट. इंग्रज नटाला गोडबोले करायला लावणे आज खटकते, आणि पडद्यावर तेव्हाही ते फारसे जमलेले नाही.

अ‍ॅशक्रॉफ्ट १४ जून १९९१ रोजी लंडनमध्ये वारल्या. क्रॉयडनमध्ये त्यांच्या नावाचे नाट्यगृह १९६२ पासून आहे आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या कवींच्या कोपऱ्यात २००५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ शिला बसवण्यात आली.

नाटकातले काम हवेत विरते, त्यामुळे आज त्यांचा अभिनय पाहायचा तर कुठून सुरुवात करावी हे सांगणे उपयोगी ठरेल. हिचकॉकचा १९३५ चा 'द थर्टीनाइन स्टेप्स' आधी पाहावा. त्यात त्या काही मिनिटेच आहेत: स्कॉटलंडच्या माळरानावरील कंजूष, संशयी शेतकऱ्याची तरुण बायको. पोलिसांपासून पळणारा नायक रात्रीच्या आसऱ्याला येतो. लंडनच्या बायका पायाची नखे रंगवतात हे खरे का, असे ती त्याला विचारते, आणि त्या एका प्रश्नात तिचा सगळा कोंडमारा येतो. पुढे ती त्याला नवऱ्याचा कोट देऊन पळवून लावते. त्या कोटाच्या खिशातले प्रार्थनागीतांचे पुस्तक त्याला लागणारी गोळी अडवते, आणि कोट गेल्याचे कळल्यावर नवरा तिच्यावर हात उगारतो. त्यानंतर 'द ज्युएल इन द क्राउन'मधले बार्बीचे भाग पाहावेत. 'द वॉर्स ऑफ द रोझेस' मात्र शेवटी ठेवावे. बीबीसीने स्ट्रॅटफर्डच्या रंगमंचावरच अनेक कॅमेरे लावून ते चित्रित केले आणि १९६५ मध्ये दाखवले. चित्रण कृष्णधवल आहे, भाषा शेक्सपिअरची आहे आणि लांबी बरीच आहे, म्हणून एका बैठकीत एकच नाटक घ्यावे आणि रुमाल-मुकुटाच्या प्रसंगाला पोहोचल्यावर मार्गारेटबरोबरच तिच्या भोवती उभ्या असलेल्या, एक अक्षरही न बोलणाऱ्या सैनिकांकडेही पाहावे, कारण कायमचा संच म्हणजे काय ते त्यांच्या ऐकण्यात दिसते.